मुलीनं वर्गप्रतिनिधी व्हावं का, आणि ती राष्ट्रीय युनियन नेमकं करते तरी काय?

साताऱ्याहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाची एमएस्सी करते आहे. ज्या ऐच्छिक विषयासाठी तिनं हे विद्यापीठ निवडलं, तो विषय विद्यापीठानं दुसऱ्याच आठवड्यात रद्द केला. बरोबरच्या कुणीतरी सुचवलं की नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्सकडे, म्हणजे एनयूएसकडे, तक्रार कर. त्याच आठवड्यात वर्गानं तिला प्रतिनिधी हो म्हणून गळ घातली. वडिलांच्या शंका दोन. ही राष्ट्रीय युनियन तिची बाजू मांडेल का? आणि असल्या भानगडीत पडल्यानं व्हिसाला धोका तर होणार नाही ना?

व्हिसाला धोका नाही. त्याचा तपशील शेवटी देते, पण तोवर तुमचा जीव टांगणीला नको. दुसरं, तिनं एनयूएसकडे तक्रार करू नये. एनयूएस कुचकामाची आहे म्हणून नव्हे, तर ते दार त्या कामाचं नाही म्हणून.

मी मूळची कोल्हापूरची. २००४ साली अशीच एक वर्षाच्या एमएसाठी उत्तर इंग्लंडमध्ये आले, वर्गप्रतिनिधी झाले, आणि नंतर एका स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात नोकरीला लागले ती आजही तिथंच आहे. चुकीच्या दारावर महिनामहिना टकटक करून, मुदत संपल्यावर माझ्यासमोर येऊन बसलेली मुलं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी 'नॅशनल युनियन' म्हटलं की आधी मी विचारते, 'तुझ्या युनियनच्या ऑफिसात जाऊन आलास का?'

तुम्ही साताऱ्याचे आहात, तेव्हा साखर कारखान्याचं उदाहरण चालेल. उसाचं बिल थकलं तर शेतकरी कारखान्यावर जातो, मुंबईला साखर संघाकडे जात नाही. संघाचे सभासद कारखाने असतात, शेतकरी नव्हे. संघ दर, निर्यात, कर्ज असले विषय घेऊन सरकारशी बोलतो. एनयूएसचंही तसंच. तिचे सभासद म्हणजे विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या स्थानिक स्टुडंट्स युनियन. तुमची मुलगी प्रवेश घेतल्याबरोबर आपल्या विद्यापीठाच्या युनियनची सभासद झाली. ती युनियन एनयूएसला जोडलेली असेल तर तिथून एनयूएसशी नातं आलं. काही युनियन जोडलेल्याच नसतात. सेंट अँड्रूजची नाही, लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजची नाही. म्हणून आधी तेवढं पाहून घ्यावं.

आपल्याकडच्या माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो. आपल्या डोळ्यांसमोर विद्यार्थी संघटना म्हणजे अभाविप, एनएसयूआय, एसएफआय. त्या विचारांच्या संघटना. पटलं तर पावती फाडायची, नाही पटलं तर दुसरीकडे जायचं. शिवाय प्रत्येकीच्या पाठीशी कुठला ना कुठला मोठा झेंडा. सगळ्या विद्यार्थ्यांची मिळून एक, निवडून आलेली, देशपातळीवरची युनियन भारतात नाही. महाराष्ट्रात तर कॉलेजातल्या निवडणुकाच १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षं गुणवत्ता यादीतून नेमलेली विद्यार्थी परिषद चालली. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली खरी, पण मतदानाचा मुहूर्त पुढे ढकलण्याचाच खेळ झाला. त्यामुळे आपली बरीच मुलं इथं येतात तेव्हा मत देऊन विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचा अनुभव त्यांना नसतो. पाचवी-सहावीतल्या मॉनिटरनंतर एकदम हेच.

ब्रिटनमध्ये मांडणी उलटी आहे. सभासदत्व आपोआप मिळतं, नको असेल तर बाहेर पडता येतं. १९९४च्या शिक्षण कायद्याच्या २२व्या कलमात हे लिहून ठेवलं आहे. मुख्य पदाधिकारी गुप्त मतदानानं निवडायचे, पूर्णवेळ पगारी पदावर कुणी एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचं नाही, बाहेरच्या कुठल्या संघटनांना युनियन जोडलेली आहे आणि त्यांना किती पैसे देते ते दरवर्षी जाहीर करायचं. आणि ठरावीक संख्येनं विद्यार्थ्यांनी मागणी केली, ती मर्यादा पाच टक्क्यांच्या वर नेता येत नाही, तर जोडलेलं राहायचं की नाही यावर मतदान घ्यावं लागतं. हा कायदा सरकारनं युनियनवर मेहरबानी म्हणून केला नव्हता, वेसण घालायला केला होता. पण माझ्या कामात रोज उपयोगी पडणारा कागद तोच.

एनयूएस स्थापन झाली १९२२ साली, लंडन विद्यापीठात. पहिल्या महायुद्धातून परतलेले तरुण विद्यार्थी, आयव्हिसन मॅकॅडम त्यांच्यातला पुढारी. युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात इंग्लंड-वेल्सच्या वतीनं बसायला कुणीतरी हवं, ही त्यांची मूळ गरज. म्हणजे सुरुवातच 'खुर्चीवर आपलं माणूस हवं' इथून झाली. पुढची पन्नासएक वर्षं तिनं स्वस्त प्रवास आणि विमा असली कामंही केली. एंड्सली ही विमा कंपनी १९६५ साली एनयूएसनंच काढलेली, ऑफिस ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याच्या नावाची. विद्यार्थी म्हणून ज्याशी संबंध नाही अशा राजकारणावर बोलायचं नाही, असं कलम घटनेत होतं. ते १९६९ साली काढलं गेलं. त्या वर्षी अध्यक्ष झालेले जॅक स्ट्रॉ पुढे गृहमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले.

अध्यक्षपदावरून पुढे मंत्रिमंडळाकडे जाणारी ही वाट बऱ्याच जणांनी तुडवली आहे. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. चार्ल्स क्लार्क १९७५ ते १९७७ एनयूएसचे अध्यक्ष होते. २००४च्या जानेवारीत शिक्षणमंत्री म्हणून त्यांनीच वाढीव फीचं विधेयक संसदेत रेटलं, एनयूएसच्या कडव्या विरोधाला न जुमानता. दुसऱ्या वाचनाला ते ३१६ विरुद्ध ३११ असं अवघ्या पाच मतांनी तरलं. मी त्याच सप्टेंबरात आले. युनियनच्या भिंतींवर त्या लढाईची पोस्टरं अजून लोंबत होती आणि मला वाटलं, ही हरलेली माणसं आहेत, यांच्याकडून काय होणार!

हरल्याचा हिशेब मांडायचा तर तो लांबलचक आहे. १९९८ साली वर्षाला एक हजार पौंड फी आली. २००६पासून तीन हजार. २०१०च्या निवडणुकीआधी एनयूएसनं उमेदवारांकडून 'फीवाढीविरुद्ध मत देईन' अशी लेखी शपथ घेतली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या निवडून आलेल्या सगळ्या ५७ खासदारांची त्यावर सही होती. मग तो पक्ष सत्तेत गेला. १० नोव्हेंबर २०१०ला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, त्यातला एक जमाव मिलबँकच्या, म्हणजे सत्ताधारी काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या मुख्यालयाच्या, इमारतीत घुसला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काचा फुटल्याचेच फोटो. ९ डिसेंबरला ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी नऊ हजारांची कमाल मर्यादा मंजूर झाली. शपथ मोडणाऱ्या पक्षाला २०१५ साली लोकांनी ५७वरून ८वर आणलं, पण फी काही खाली आली नाही. २०२५-२६ साली ती ९,५३५ पौंड झाली.

आणि ही सगळी लढाई स्थानिक पदवी विद्यार्थ्यांच्या फीची. तुमच्या मुलीच्या फीला असली मर्यादाच नाही. विद्यापीठ ठरवेल ती. जी फी संसद ठरवतच नाही, तिच्यावर संसदेत पाच मतांची चुरस कशी होणार? परदेशी विद्यार्थ्यांचे ठराव एनयूएसच्या अधिवेशनात होतात, पोटतिडकीनं होतात, पण त्यांचा रेटा घरच्या मुलांच्या प्रश्नाइतका कधीच नसतो. मी हे कडवटपणे म्हणत नाही. वर्षभरात निघून जाणाऱ्या माणसाची वकिली कुणीही दुय्यमच करतं.

तरीही एनयूएस नसती तर मी माझं काम निम्म्या ताकदीनं करत असते. का ते सांगते.

पूर्वी इथल्या जुन्या विद्यापीठांत विद्यार्थ्याची तक्रार विद्यापीठानं फेटाळली की अपील 'व्हिजिटर'कडे जायचं. व्हिजिटर म्हणजे कुठे राणी, कुठे बिशप, कुठे कुणी उमराव. म्हणजे तक्रार देव्हाऱ्यात ठेवून वाट पाहायची. २००४च्या उच्च शिक्षण कायद्यानं, म्हणजे फीवाढीच्या त्याच कायद्यानं, इंग्लंड आणि वेल्ससाठी स्वतंत्र लवाद कार्यालय आणलं. त्याला ओआयए म्हणतात. विद्यार्थ्याला एक पैसाही खर्च नाही, वर्गणी विद्यापीठं भरतात. या ओआयएच्या संचालक मंडळावर एनयूएसनं सुचवलेलं माणूस बसतं. इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या दर्जाची तपासणी २०२३पर्यंत क्यूएए ही संस्था करायची, तिच्या तपासणी पथकांत विद्यार्थी परीक्षक असायचे. या खुर्च्या कुणी ताटात वाढून दिल्या नाहीत. वर्षानुवर्षं कंटाळवाण्या बैठकांना जाऊन, मसुद्यांवर शेरे मारून त्या मिळवाव्या लागल्या, आणि त्याचे फोटो कुठे छापून येत नाहीत.

२०१२चा ऑगस्ट मला चांगला आठवतो. लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांना प्रायोजित करण्याचा परवाना सरकारनं काढून घेतला. दोन हजारांवर मुलं एका रात्रीत अधांतरी. साठ दिवसांत दुसरं विद्यापीठ शोधा नाहीतर घरी जा. आमच्याकडे, त्या विद्यापीठापासून कित्येक मैल दूर, फोन वाजायला लागले. कुणाचा भाऊ तिथं, कुणाची मैत्रीण. खटला विद्यापीठ विरुद्ध सरकार असा होता, पण विद्यार्थ्यांचं म्हणणं वेगळं असू शकतं, म्हणून एनयूएसनं न्यायालयाकडून त्यात सामील व्हायची परवानगी मिळवली. सप्टेंबरात उच्च न्यायालयानं जुन्या, रीतसर व्हिसा असलेल्या विद्यार्थ्यांना ते शैक्षणिक वर्ष तिथंच काढायला मुभा दिली. एकटी स्थानिक युनियन त्या कोर्टात उभी राहण्याचा खर्च आणि भार पेलू शकली असती असं मला वाटत नाही. राष्ट्रीय युनियन कशाला हवी, याचं माझ्यालेखी हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याचा व्हिसाही बंद झाला होता. तो १ जुलै २०२१ला नव्या नावानं परत आला. 'आमच्यामुळे आला' असं एनयूएस म्हणेल, विद्यापीठं म्हणतील, भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनाही म्हणतील. खरं तर सगळ्यांनी नऊ वर्षं ढकलत नेलेलं ते गाडं होतं, आणि विद्यापीठांना आपल्या मुलांच्या फीची गरज होती हे त्याचं वंगण. आता १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर मुलांना त्यात दीडच वर्ष मिळणार आहे. तुमच्या मुलीचं डिझर्टेशन, म्हणजे एमएस्सीच्या शेवटी लिहायचा प्रबंध, पुढच्या सप्टेंबरात संपत असेल तर निकाल कधी लागतो आणि अर्ज कधी जातो याचं गणित तिनं आत्ताच विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारांसोबत बसून मांडावं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता सांगते, आणि ते एनयूएसच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. इथली प्रतिनिधित्वाची सगळी यंत्रणा तीन वर्षं राहणाऱ्या पदवी विद्यार्थ्याच्या कॅलेंडरवर चालते. युनियनच्या निवडणुका साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. निवडून आलेले पदाधिकारी जुलैत कामाला लागतात. एनयूएसचं अधिवेशन वसंतात. विभागाच्या समित्या सत्र चालू असतानाच बसतात. दरवर्षीचं राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण तर फक्त पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी. एक वर्षाची एमएस्सी करणारी मुलगी सप्टेंबरात येते, मार्चमध्ये ज्यांना मत देते ते तिचं डिझर्टेशन चालू असताना खुर्चीवर बसतात, आणि त्यांनी काही करेपर्यंत ती निघून गेलेली असते. आपली बहुतेक मुलं याच एका वर्षात येतात. सगळ्यात जास्त फी भरणारा विद्यार्थी प्रतिनिधित्वाच्या फटीतून घरंगळतो, तो असा.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. विद्यापीठाचं नाव राहू दे. मे महिन्यात परीक्षांसाठी ग्रंथालय रात्रभर उघडं. जून उजाडला, पदवीची मुलं घरी गेली, आणि ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद. आमची डिझर्टेशनं सप्टेंबरात द्यायची. घरी सहाजणींत एक टेबल, त्यावर कुकर. मी वर्गप्रतिनिधी, म्हणून विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, अगदी रास्त मुद्दा आहे, पुढच्या समितीत घेऊ. पुढची समिती कधी? नोव्हेंबरात! तोवर आम्ही डिग्री घेऊन घरी.

तिथून युनियनमध्ये गेले. तिथं नवे पदाधिकारी नुकतेच आलेले, प्रशिक्षणाला बाहेरगावी. सल्ला केंद्रात एक आजीबाई म्हणाव्यात अशा बाई होत्या. त्यांनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि एक वही दिली. 'उद्यापासून पाच वाजता ग्रंथालयाच्या दारात उभी राहा. बाहेर काढलेल्या प्रत्येकाला विषय आणि डिझर्टेशनची तारीख विचार. नावं नको.' दोन आठवडे आम्ही चौघी आळीपाळीनं उभ्या राहिलो. पावसातसुद्धा. मग ती वही घेऊन बाई आणि मी ग्रंथपालांकडे गेलो. मी भाषण तयार करून गेले होते, ते द्यावंच लागलं नाही. त्यांनी वही चाळली, आकडे पाहिले, आणि ऑगस्टचे शेवटचे तीन आठवडे एक मजला नऊपर्यंत उघडा ठेवला.

आम्ही खूश. पण बाई खूश नव्हत्या. 'हे तुमच्यापुरतं झालं,' त्या म्हणाल्या. त्यांनी ती वही युनियनच्या कागदपत्रांत लावली, पुढच्या पदाधिकाऱ्याला वाचायला लावली, नोव्हेंबरच्या समितीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आणला, मी नसताना. पुढच्या उन्हाळ्यापासून तो नियम झाला. नंतर मी स्वतः सल्लागार झाले आणि देशभरातल्या युनियनच्या सल्लागारांच्या बैठकींना जायला लागले, तेव्हा कळलं की हे पाच वाजताचं दुखणं गावोगावचं होतं. कुणी सोडवलं होतं, कुणी नाही, आणि एकमेकांच्या वह्या बघायला मिळणं हाच त्या बैठकांचा खरा फायदा होता. राष्ट्रीय पातळी म्हणून जी काही चीज आहे ती अशा वह्यांवर उभी असते. वह्या नसतील तर वर नुसतं भाषण उरतं.

एनयूएसच्या दोषांवर पांघरूण घालायचं मला कारण नाही. २०१६ साली लिंकन, न्यूकॅसल, हल आणि लफबरो इथल्या युनियननी मतदान घेऊन तिला रामराम ठोकला. २०१८च्या शेवटी तीस लाख पौंडांची तूट उघड झाली आणि दिवाळं निघतं की काय अशी वेळ आली. नोकरकपात झाली, पुढच्या वर्षी रचना बदलून धर्मादाय काम वेगळं आणि चळवळ वेगळी केली गेली. ज्यू विद्यार्थ्यांना तिथं वर्षानुवर्षं कशी वागणूक मिळाली यावर वरिष्ठ वकील रिबेका टक यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२३मध्ये आला, तो वाचून मान खाली जाते. त्याआधी मे २०२२मध्ये सरकारनं एनयूएसशी बोलणंच थांबवलं होतं. अशा वेळी नुकसान कुणाचं होतं? अधिवेशनात भांडणाऱ्यांचं नाही. ज्या टेबलावर व्हिसा, घरभाडं, फी यांची चर्चा चालू असते, त्या टेबलावरची विद्यार्थ्यांची खुर्ची रिकामी राहते किंवा सरकार आपल्या पसंतीच्या कुणाला तरी त्यावर बसवतं. आणखी एक. अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी जेमतेम मतांवर निवडून आलेले असतात, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर ठराव करायची हौस काहींना असते. जगाबद्दल बोलू नये असं मी म्हणत नाही. पण ग्रंथालयाची वही मागे पडते, हे पाहिलं आहे.

आता तुमच्या मुलीचं.

विषय रद्द झाला, तर तिनं आजच्या आज काही कागद जमवावेत. अर्ज केला तेव्हा कोर्सच्या पानावर तो विषय होता याचा पुरावा, प्रवेशपत्र, विद्यापीठाची ईमेल्स, सगळं तारखेनिशी. इथं विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातल्या व्यवहाराला २०१५चा ग्राहक हक्क कायदा लागतो, आणि प्रवेश घेण्याआधी दिलेल्या माहितीला वजन असतं. विद्यापीठ बहुधा म्हणेल की 'पुरेसे विद्यार्थी नसतील तर ऐच्छिक विषय चालवणार नाही' असं कलम आहे. असेलही. मग प्रश्न असा उरतो की ते कलम ठळक सांगितलं होतं का, कधी कळवलं, बदल्यात काय दिलं. दुसऱ्या विभागातला तत्सम विषय, डिझर्टेशनला त्या विषयाचा मार्गदर्शक, फीची काही भरपाई, असलं काहीतरी मागता येतं. नेमकं काय हवं ते तिनं लिहूनच द्यावं. 'माझ्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या पत्राला 'आम्हाला खेद आहे' एवढंच उत्तर येतं.

क्रम असा. आधी कोर्सप्रमुखांना ईमेल. समाधान नाही झालं तर विद्यापीठाची लेखी तक्रार प्रक्रिया. ती प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, आणि मुदती कडक, काही ठिकाणी थोड्याच आठवड्यांच्या. मग फेरविचार. तिथंही नकार आला की विद्यापीठाला 'प्रक्रिया पूर्ण झाली' असं पत्र द्यावं लागतं. त्या पत्रावरच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत ओआयएकडे जाता येतं. भारतात परतल्यावरही, साताऱ्यात घरी बसूनही. ओआयए गुणांच्या फंदात पडत नाही. प्राध्यापकानं ५८ दिले ते ६२ असायला हवे होते, असल्या वादात ते हात घालत नाहीत. पण रद्द झालेला विषय, न मिळालेला मार्गदर्शक, न पाळलेला नियम हे त्यांच्या कक्षेत येतं. मुलगी स्कॉटलंडमध्ये असती तर कार्यालय वेगळं असतं, पण तुम्ही इंग्लंड म्हणालात.

या प्रत्येक पायरीला तिच्यासोबत तिच्या युनियनच्या सल्ला केंद्रातलं माणूस असू शकतं. ते पत्राचा मसुदा बघतील, बैठकीला शेजारी बसतील. पैसे लागत नाहीत. बहुतेक केंद्रं विद्यापीठाच्या प्रशासनापासून वेगळी असतात आणि तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय विभागाला कळवत नाहीत. पहिल्या भेटीतच तसं विचारून घ्यावं.

प्रतिनिधी व्हावं का? व्हावं. मात्र स्वतःची तक्रार आणि वर्गाचं काम तिनं वेगळं ठेवावं. आपल्या मुलांचं एक पाहिलं आहे. व्हॉट्सअॅपवर मराठी मुलांचा वेगळा ग्रुप असतो, तिथं रात्री दोनपर्यंत कोर्सची पिसं काढतात, आणि समितीत विचारलं की सगळं छान आहे म्हणतात. मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलायचं नाही हा आपला संस्कार तिथं आडवा येतो. इथं प्रतिनिधीनं तक्रार मांडणं हा उद्धटपणा धरत नाहीत. ते त्याचं नेमून दिलेलं काम. फक्त 'सगळे म्हणतात' असं म्हणू नये. चाळीसपैकी सव्वीसजणांनी लिहून दिलं आहे, असं म्हणावं. आणि बोललेलं इतिवृत्तात आलं की नाही ते पुढच्या बैठकीत तपासावं. इतिवृत्तात जे नाही ते झालंच नाही, असं इथले सगळे धरून चालतात. मीही.

व्हिसाचं राहिलं. वर्गप्रतिनिधीचं काम स्वयंसेवी असतं, त्यानं विद्यार्थी व्हिसाची कुठलीही अट मोडत नाही. उलट नियम इतके सैल आहेत की ती उद्या युनियनच्या पूर्णवेळ पगारी पदावर निवडून आली, तर त्या पदासाठी दोन वर्षांपर्यंत राहण्याचीही सोय व्हिसाच्या नियमांत आहे. आमच्याकडे असे भारतीय पदाधिकारी झालेत. विद्यापीठाविरुद्ध तक्रार केली म्हणून गृहखात्याला कळवण्याची पद्धत नाही. विद्यापीठाला कळवावं लागतं ते मूल वर्गात येत नसेल, कोर्स सोडला असेल किंवा बदलला असेल तेव्हा. म्हणून रागाच्या भरात वर्ग बुडवणं किंवा 'मग मला हा कोर्सच नको' अशी ईमेल पाठवणं, हे मात्र अजिबात करू नये. तसला विचार मनात असेल तर आधी विद्यापीठाच्या अधिकृत व्हिसा सल्लागाराला भेटावं. व्हिसावर सल्ला द्यायला या देशात कायद्यानं मान्यता लागते. मागच्या बॅचच्या दादाला ती नसते, त्याचा स्वतःचा व्हिसा कितीही सुरळीत झालेला असो.

प्रतिनिधीसाठी नाव द्यायची मुदत बऱ्याच विद्यापीठांत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. विषय दुसऱ्या आठवड्यात रद्द झाला म्हणजे तिच्या हातात फार दिवस नाहीत. आज रात्री फोन कराल तेव्हा तेवढं आधी विचारा.